त्रेसष्ट माणसांचा बंदोबस्त

पोलीस ठाण्यासमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. अर्ज कसा लिहायचा हे ज्यांना कळत नाही ते आधी माझ्याकडे येतात आणि मग रस्ता ओलांडून समोर जातात. तेवीस वर्षं हे चाललंय. त्यामुळे समोरच्या इमारतीत कोण कसं आहे, कोण चहा पाजून काम करतं आणि कोण चहा पिऊनही करत नाही, हे मला चांगलं ठाऊक असतं. ठाण्याचं नाव सांगत नाही. भिवंडीतलं आहे, एवढं पुरे.

हवालदार चंद्रा तरे यांचं टेबल आत शिरल्यावर डाव्या हाताला, खिडकीपाशी होतं. परवानगीचं टेबल. गणपतीची मिरवणूक, ईदचा जुलूस, शिवजयंती, भीमजयंती, उरूस, युनियनचा मोर्चा, रस्त्यावरून जे जे म्हणून निघतं त्याचा अर्ज आधी त्यांच्यापुढे यायचा. त्या जागा बघून, चौकशी करून आपला अहवाल लिहायच्या आणि मोठे साहेब त्यावर सही करायचे. अहवाल त्यांचा, सही साहेबांची.

चंद्राबाई मूळच्या खारबावच्या. वडील खाडीत मासे धरायचे, आई पाटी डोक्यावर घेऊन विकायला बसायची. १९९६ साली त्या पोलिसात भरती झाल्या तेव्हा गावातली खाकी घालणारी ती पहिलीच बाई. लग्न त्याच गावात झालं. नवरा केसरीनाथ भाताची शेती बघतो आणि स्वतःचा टेम्पो चालवतो. बाई घरी बोलतात ती गावची आगरी बोली, ठाण्यात मराठी आणि निजामपुऱ्याच्या गल्ल्यांत अस्सल भिवंडीची हिंदी.

भिवंडीत मिरवणुकीचा बंदोबस्त म्हणजे पोरखेळ नाही. चौऱ्याऐंशीची दंगल डोळ्यांनी पाहिलेली माणसं अजून हयात आहेत. कुठल्या गल्लीत विजेच्या तारा किती खाली लोंबतात, कुठल्या वळणावर मिरवणूक हमखास अडते, कुठल्या गच्चीवर आधी माणूस ठेवायला हवा, हे बाईंना पाठ होतं. ढोलाचा ठेका जरा बदलला की त्या मान वळवून बघायच्या. पंचवीस-तीस वर्षं त्या लोकांच्या मिरवणुकीच्या कडेने चालत आल्या होत्या.

तर दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत माझ्या दुकानात दोघं आले. एक रमशा. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, निजामपुऱ्यात राहणारी. बाप लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला. तिच्या जन्मदाखल्यावर मुलाचं नाव होतं, पण ती लहानपणापासून मुलगीच होती आणि आता तसं उघड राहत होती. घरच्यांनी घराबाहेर काढलं नव्हतं, पण बोलणं टाकलं होतं. साड्यांना फॉल-बीडिंग करून ती स्वतःचं भागवायची. दुसरा धनेश. वडप्याच्या एका गोदामात सुपरवायझर, आगरी घरातला. दुकानात असेपर्यंत त्याने तोंडावरचा मास्क काढला नाही.

"अर्ज पाहिजे," रमशा म्हणाली. "जुलूसचा."

"कसला जुलूस?"

तिने धनेशकडे बघितलं. मग सरळ सांगितलं, "हमारा. हिजडे, गे, लेस्बियन, जे कोणी आमच्यासारखे आहेत त्यांचा. धामणकर नाका ते वऱ्हाळा तलाव. एक किलोमीटर पण नाही. या गावात सगळ्यांची मिरवणूक निघते, चाचा. आमचीच का नाही?"

माझी बोटं कीबोर्डवर थांबली, हे कबूल करतो. पण अर्ज टाइप केला. त्या दोघांनी तो समोर नेऊन दिला.

चार दिवसांत नकार आला. 'कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न उद्भवण्याची शक्यता असल्याने परवानगी नाकारण्यात येत आहे.' हे वाक्य चंद्राबाईंच्या अहवालातून जसंच्या तसं उचललं होतं. पुढे त्यांनीच मला सांगितलं, की त्या अहवालासाठी त्या खुर्चीतून उठल्यासुद्धा नव्हत्या. परवानगी द्यायची तर चार पानं लिहावी लागतात, मार्ग आखावा लागतो, माणसं मागावी लागतात. नकाराला एक ओळ पुरते. समोर गणपतीचा आणि उरुसाचा ढीग होता. या वीस-बावीस जणांसाठी कोण डोकं शिणवणार?

मिरवणूक झाली नाही. पण ती मंडळी एका रविवारी सकाळी तलावाच्या काठी जमली. बावीस जण. चालायचं नाही, घोषणा नाहीत, नुसतं गोल करून बसायचं, डबे खायचे आणि घरी जायचं, असं ठरलं होतं. कोणीतरी फोनवर फोटो टाकला. अर्ध्या तासात दहा-बारा जण काठ्या घेऊन आले.

पोलीस पोहोचायला चाळीस मिनिटं लागली. तोवर धनेशचं डोकं फुटलं होतं आणि रमशाचं मनगट मोडलं होतं.

जबाब घ्यायला चंद्राबाईंना हॉस्पिटलात पाठवलं. त्या कॉटशेजारी स्टूल ओढून बसल्या आणि कागद काढला.

"नाव?"

"रमशा."

"खरं नाव सांग."

"हेच आहे."

बाईंनी एक क्षण तिच्याकडे बघितलं आणि 'रमशा' लिहिलं. मग सगळा जबाब झाला. किती जण होते, कुठून आले, काय बोलले. शेवटी सही करायची वेळ आली. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घ्यायचा होता. तेव्हा रमशाने विचारलं, "मॅडम, एक बात पूछूँ?"

"विचार."

"आमच्या अर्जावर तुम्ही लिहिलं, धोका आहे. म्हणजे धोका आहे हे तुम्हाला आधीच माहीत होतं. मग त्या दिवशी तुम्ही तिथे का नव्हता?"

बाईंनी अंगठा घेतला, कागदाची घडी केली आणि त्या निघाल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताच त्या माझ्या दारात उभ्या होत्या.

"दादा, संविधानातलं ते सभेचं कलम छापून द्या. एकोणीस. आणि ३७७ बद्दल सुप्रीम कोर्ट काय म्हणालं तेही. मराठीत असेल तर बघा."

मी मिळालं ते छापून दिलं. समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, या २०१८ च्या निकालाची मराठी बातमी होती, तीही दिली. शांततेने आणि शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचा हक्क सर्व नागरिकांना आहे, हे वाक्य त्यांनी माझ्या काउंटरला टेकून दोनदा वाचलं. सव्वीस जानेवारीच्या बंदोबस्तात हे भाषणांतून त्यांनी कितीदा ऐकलं असेल. पण त्या दिवशी वाचताना त्यांचा चेहरा असा होता, जसं कोणी आपल्याच घरची हरवलेली किल्ली शेजाऱ्याकडून परत घ्यावी.

मारहाणीचा गुन्हा त्यांनी ढिला पडू दिला नाही. दुकानांचे कॅमेरे तपासायला लावले, साक्षीदार शोधले. सात जण पकडले गेले. केस अजून कोर्टात आहे.

मग वर्ष सरत आलं. डिसेंबरात एक दिवस त्या साध्या साडीत निजामपुऱ्यात गेल्या आणि रमशाच्या घराचं दार वाजवलं. रमशा घाबरली. पोलीस दारात म्हणजे काहीतरी वाईटच.

"यंदा अर्ज करणार की नाही?" बाईंनी विचारलं.

"किसलिए? फिर ना बोलने के लिए?"

"मागच्या वेळी मी न बघता लिहिलं. या वेळी बघून लिहीन. होकार माझ्या हातात नाही, पण अहवाल माझ्या हातात आहे."

रमशाने लगेच हो म्हटलं नाही. धनेश तर चक्क नको म्हणाला. डोक्यावरच्या टाक्यांची खूण अजून दिसत होती, आणि गोदामातल्या लोकांना त्याने टेम्पोवरून पडलो असं सांगितलं होतं. आठ दिवसांनी दोघं माझ्या दुकानात आले. या वेळी अर्जाचा मजकूर रमशाने स्वतः सांगितला.

अर्जाची कुणकुण लागताच ठाण्यात दोन हरकती आल्या. एक या बाजूच्या संघटनेची, एक त्या बाजूच्या. दोन्ही माझ्याच दुकानात टाइप झाल्या. भिवंडीत या दोन बाजूंचं कशावर एकमत झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

मोठे साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त त्यांच्या काळात काही व्हायला नको होतं. त्यांनी चंद्राबाईंना आत बोलावलं. पुढचं बोलणं बाईंनी मला नंतर सांगितलं, ते असं.

"तरे, दोन-दोन हरकती आहेत. नाही लिहून टाका."

"साहेब, गणपतीच्या मार्गाला हरकत आली तर आपण गणपती बंद करतो?"

"ते वेगळं."

"बंदोबस्त वाढवतो. जुलूसला हरकत आली तरी बंदोबस्तच वाढवतो. मारण्याची धमकी देणारा एक आणि घरी बसायचं दुसऱ्याने, असं केलं तर उद्या कोणीही दोन कागद देऊन कोणाचीही मिरवणूक बंद पाडेल."

साहेबांनी चष्मा काढला. "तुमच्या घरात आहे का कोणी तसं?"

"नाही साहेब."

"मग कशाला एवढं?"

"मागच्या वर्षी शेरा माझा होता. चुकला. बावीस जणांना मार बसला. ड्युटी म्हणून सांगतेय."

साहेबांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "लिहा. पण काही झालं तर जबाबदारी तुमची, हे लक्षात ठेवा."

बाईंनी सहा पानं लिहिली. ती वर डीसीपी ऑफिसला गेली आणि अटींसह मंजूर होऊन आली. तलावाकाठची जागा महापालिकेची, तिथला ना-हरकत दाखलाही बाईंनी स्वतः प्रभाग कार्यालयात तीन खेपा घालून मिळवला.

रमशाला शुक्रवार हवा होता, कारण शुक्रवारी लूम बंद आणि तिच्या ओळखीच्या कामगारांना सुट्टी. बाई नको म्हणाल्या. "शुक्रवारी सगळं गाव रस्त्यावर. रविवार घ्या. साडेनऊला निघा. आठला लूमची शिफ्ट बदलते, नऊपर्यंत रस्ता मोकळा होतो आणि दुकानं दहाला उघडतात. अर्ध्या तासात तुम्ही तलावावर." मग दोघींनी तो रस्ता पायी पायी मोजला. कुठे बांधकामाची खडी पडलीय, ती आधी उचलायला लावायची. कुठल्या गल्लीच्या तोंडाशी बॅरिकेड. पाण्याची पिंपं कुठे. बाई बोलत होत्या आणि रमशा वहीत लिहून घेत होती. मध्येच रमशा हसली. "मॅडम, इतकं तर माझ्या बहिणीच्या शादीत पण नव्हतं."

रहमतुल्लाभाईंकडेही बाई गेल्या. निजामपुऱ्यातले जुने लूममालक, दंगलीनंतर शांततेसाठी निघालेल्या मोहल्ला कमिटीत सुरुवातीपासून असलेले, वय ऐंशीच्या घरात. त्या भेटीत मीही होतो, कारण कमिटीच्या नोटिसा मीच छापतो.

भाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चंद्राबेटी, खरं सांगू? मला हे पटत नाही. माझ्या वयात पटणारही नाही."

"पटवून घ्या असं मी म्हणतच नाही, चाचा."

"मग?"

"तुमच्या भागातली पोरं त्या दिवशी दगड उचलणार नाहीत, एवढंच पाहिजे."

म्हातारा खिडकीतून खाली बघत राहिला. खाली लूमचा खटखटाट चालू होता. "दगड," तो म्हणाला. "दगड कुठून सुरू होतो आणि कुठे जाऊन पडतो ते मी पाहिलंय. गिरवी ठेवून घे माझा शब्द. निजामपुऱ्यातून दगड येणार नाही."

असंच बोलणं बाईंनी दुसऱ्या बाजूच्या मंडळांशीही केलं. काहींनी ऐकलं, काहींनी नाही. खारबावला घरीही कुजबुज पोहोचली होती. नात्यातल्या एकाने केसरीनाथला देवळापुढे गाठून विचारलं, "तुझी बायको हिजड्यांची मिरवणूक कारतंय, खरा हाय का?" केसरीनाथ घरी येऊन बाईंना म्हणाला, "मी त्याला बोललो, ती न्हाय कारीत, ती सांबालतंय. तुझ्या पोराच्या वरातीला कोण होता बंदोबस्ताला? तीच ना?" बाई मला हे सांगताना हसल्या होत्या. नवऱ्याला हे सगळं कितपत कळलं होतं देव जाणे, पण तो त्यांच्या बाजूने उभा राहिला.

फेब्रुवारीतला रविवार उजाडला. मी दुकान बंद ठेवून धामणकर नाक्यावर गेलो. साडेनऊला मोजून त्रेसष्ट माणसं होती, आणि बेचाळीस पोलीस. रमशा पुढे, हिरव्या साडीत. काही हिजडे गुरू-चेल्यांसह आले होते, कल्याणहून दोन कॉलेजातल्या मुली आल्या होत्या, एक आई आपल्या मुलाचा हात धरून आली होती. धनेश शेवटच्या रांगेत, मास्क लावून. रंगीत पताका होत्या, एक ढोल होता. चंद्राबाई नेहमीप्रमाणे कडेने चालत होत्या.

निम्मा रस्ता ठीक गेला. लोक गॅलऱ्यांतून बघत होते. काही हसले, काहींनी मोबाइल धरले, एका बाईने वरून हात हलवला. मग पुढच्या चौकात पन्नासेक तरुण एकदम रस्त्यावर येऊन बसले. घोषणा सुरू झाल्या. मिरवणूक थांबली. ढोल थांबला.

बंदोबस्तावर त्या दिवशी बाहेरून आलेला एक तरुण अधिकारी होता. त्याने वायरलेसवर बोलायला सुरुवात केली, "मोर्चा मागे फिरवतो. रस्ता अडलाय." मी हाकेच्या अंतरावर होतो. रमशा उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने धरून उभी होती.

चंद्राबाई अधिकाऱ्यासमोर जाऊन सलाम करून उभ्या राहिल्या. "साहेब, परवानगी यांच्याकडे आहे. रस्त्यावर बसलेत त्यांच्याकडे नाही. मागे फिरायचं तर कोणी फिरायचं?"

"इथे गडबड झाली तर?"

"मला पाच मिनिटं द्या. गडबड झाली तर माझं नाव लिहा."

अधिकाऱ्याने घड्याळाकडे बघितलं आणि मान हलवली.

चंद्राबाई बसलेल्या तरुणांपाशी गेल्या. काठी नाही, आवाज चढवणं नाही. त्या चक्क त्यांच्यापुढे डांबरावर उकिडव्या बसल्या. पुढच्या दोघा-तिघांना बाई नावाने ओळखत होत्या. त्यांच्याच मंडळाची परवानगी दर वर्षी बाईंच्या टेबलावरून जाते.

"तुमचा विरोध आहे ना? करा. फलक आणलेत ते दाखवा. घोषणा द्या. पण फुटपाथवर उभं राहून. तिथे तुम्हाला कोणी हात लावणार नाही, तो माझा शब्द. रस्त्यावर राहिलात तर उचलावं लागेल, आणि ज्याच्यावर गुन्हा दाखल होईल त्याचं नाव मंडळाच्या अर्जावर चालत नाही. शोभायात्रेचा अर्ज कोण देणार मग?"

"मॅडम, तुम्ही यांची बाजू घेता?"

"तुमच्या मिरवणुकीत मी कोणाच्या बाजूला चालते?"

मागून दोघे ओरडले, एकाने पाण्याची बाटली भिरकावली. ती बाईंच्या खांद्याला लागून खाली पडली. त्यांनी मागे वळून पोलिसांना हातानेच थांबायची खूण केली आणि त्या बसूनच राहिल्या. एक मिनिट गेलं असेल. मग पुढचा एक जण उठला, पँट झटकली आणि फुटपाथवर गेला. त्याच्यामागे बाकीचे. बाटली फेकणाऱ्या दोघांना मात्र गाडीत बसवलं.

पोलिसांची साखळी मध्ये उभी राहिली. फुटपाथवर घोषणा चालू होत्या, रस्त्यावर ढोल पुन्हा वाजू लागला आणि त्रेसष्ट माणसं त्यांच्या समोरून चालत गेली. चौक ओलांडल्यावर मी बघितलं, धनेश शेवटच्या रांगेतून पुढे आला होता आणि त्याने मास्क काढला होता.

तलावावर भाषण म्हणावं असं काही झालं नाही. रमशा बोलायला उभी राहिली, दोन वाक्यं बोलली आणि रडायला लागली. मग कोणीतरी ढोल घेतला आणि सगळे नाचले. चंद्राबाई झाडाखाली पायरीवर बसून बूट काढून पायाचा अंगठा चोळत होत्या. मी जवळ जाऊन म्हटलं, "बाई, पडलं की पार."

"अजून न्हाय," त्या म्हणाल्या. थकल्या की त्यांच्या तोंडात गावची बोली येते. "घरी पोचूं देत सगळ्यांना." आणि खरंच, शेवटची रिक्षा जाईपर्यंत त्या हलल्या नाहीत.

त्याचं त्यांना बक्षीस वगैरे मिळालं नाही. उलट कोणीतरी वर तक्रार केली, चौकशी झाली आणि त्यात काही निघालं नाही. मे महिन्यात त्यांची वाहतूक शाखेत बदली झाली, वडप्याला, हायवेवर. बदली नेहमीचीच होती असं साहेब म्हणाले. असेलही. बाईंनी टेबल सोडताना नव्या हवालदाराला ती सहा पानांची फाइल हातात दिली आणि रस्त्याचा नकाशा समजावून सांगितला. एवढंच.

यंदा अर्ज माझ्या दुकानातून गेला तो सहाव्या दिवशी मंजूर होऊन आला. हरकत एकच आली. माणसं एकशे दहा होती आणि पोलीस अठरा. रमशाचा बाप आला नाही, पण तिची लहान बहीण आली. चौकात फलक घेऊन सात-आठ जण उभे होते, फुटपाथवर. रस्त्यावर कोणी बसलं नाही.

चंद्राबाई त्या दिवशी ड्युटीवर होत्या, त्यामुळे आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धनेश गोदामातून सुटल्यावर त्यांच्या चौकीवर गेला. मीही त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून गेलो होतो. ट्रेलरच्या रांगेत उभं राहून बाई शिट्टी वाजवत होत्या. धनेश ओरडून सांगत होता, कोण आलं, कोण नाचलं, किती फोटो निघाले. त्या एका हाताने ट्रेलरला पुढे घेत ऐकत होत्या.

"पाण्याची पिंपं ठेवली होती का?" त्यांनी विचारलं.

"दोन होती."

"एकशे दहा माणसांना दोन? नव्याला सांग, पुढच्या वर्षी चार." आणि शिट्टी तोंडात धरून त्या पुढच्या गाडीकडे वळल्या.